काकडीवाल्यासाठी लिहिणारा शायर : नजीर अकबराबादी

आग्र्याच्या रस्त्यावरून एक म्हातारा मास्तर तट्टूवर बसून मुलांना शिकवायला निघालाय. वाटेत काकडीवाला त्याचं तट्टू अडवतो. माल खपत नाही मियाँ, आमच्या काकडीवर दोन ओळी करून द्या, म्हणजे त्या गात गात विकता येईल. मास्तर तिथेच थांबतो, ओळी जुळवतो, त्याला देतो आणि पुढे निघतो. नजीर अकबराबादींबद्दल हा किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. किस्सा किती खरा ते अल्लाह जाणे, पण काकडीवरची, तिळाच्या लाडवांवरची, टरबुजावरची, कोऱ्या मातीच्या भांड्यांवरची त्यांची नज्म आजही वाचायला मिळते.

नाव वली मुहम्मद, जन्म दिल्लीचा, साधारण 1735 चा. आईवडिलांची बारा मुलं गेली आणि हा एकटा जगला, असं चरित्रकार लिहितात. नजर लागू नये म्हणून लहानपणी त्यांचे नाक-कान टोचले होते म्हणे. आपल्याकडेही नवसाच्या मुलाचं असं करणारी घरं होतीच की. पुढे अहमदशाह अब्दालीच्या स्वाऱ्यांनी दिल्ली उजाड होऊ लागली. पानिपतामुळे मराठी माणसाला माहीत असलेला तोच हा अब्दाली. 1757 च्या सुमारास वली मुहम्मद आई आणि आजीला घेऊन आग्र्याला आले, ताजगंज भागात राहिले आणि कायमचे अकबराबादी झाले. आग्र्याचं जुनं नाव अकबराबाद.

त्या काळात ज्याला शायर म्हणून नाव कमवायचं असे, तो आश्रयदाता शोधत दिल्लीला नाहीतर लखनौला जाई. आग्र्यातच जन्मलेले मीर तकी मीर दिल्लीला गेले, शेवटी लखनौला. याच शहरात 1797 मध्ये जन्मलेले गालिबही तरुणपणीच दिल्लीकर झाले. नजीर मात्र हलले नाहीत. लखनौच्या आणि भरतपूरच्या दरबारातून बोलावणं आलं होतं, ते त्यांनी नाकारलं असं सांगतात. 1785 पासून आग्र्याच्या किल्ल्यावर महादजी शिंद्यांचा अंमल आला, 1803 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. सत्ता बदलत गेल्या, मास्तरांची शिकवणी चालूच राहिली. लाला बिलासराय नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायचे त्यांना महिना सतरा रुपये मिळत. त्यावर घर चाले. बाकीचा वेळ शायरी, पतंग, यमुनेतला पोहण्याचा मेळा आणि बाजार.

आणि लिहिलं तरी कशावर? ईद आणि शब-ए-बरातवर लिहिलं, तसंच होळी-दिवाळीवरही. हजरत सलीम चिश्तींवर, गुरू नानकांवर, बाळकृष्णाच्या खोड्यांवर. अस्वलाचं पिल्लू नाचवणाऱ्यावर. भाकरीवर तर एक पूर्ण ‘रोटीनामा’. ‘आदमीनामा’त बादशाह आणि फकीर एकाच रांगेत उभे राहतात. मशीद बांधणाराही माणूस आणि तिथून चपला चोरणाराही माणूसच, हे सांगायला त्यांना ना राग यावा लागला ना उपदेश करावा लागला. ‘बंजारानामा’त मरणाची आठवण आहे, पण ती येते बैलांवर माल लादून निघालेल्या व्यापाऱ्याच्या चित्रातून, बाजारातल्या माणसाला चटकन कळेल अशी.

हीच गोष्ट नडली. त्यांच्या इंतकालानंतर थोड्याच वर्षांत नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी शायरांचा तजकिरा लिहिला, ‘गुलशन-ए-बेखार’. शेफ्ता म्हणजे गालिबचे दोस्त, मोठे जाणकार. त्यांचा निर्णय असा की, नजीरचे शेर बाजारी लोकांच्या तोंडी आहेत, तेव्हा त्यांना शायरांत मोजू नये. 1880 मध्ये मुहम्मद हुसैन आझाद यांचं ‘आब-ए-हयात’ आलं. उर्दू शायरीचा इतिहास म्हणून घरोघर वाचलेलं पुस्तक, पण त्यातही नजीरना स्वतंत्र जागा नाही.

मला यात शेफ्तांपेक्षा नजीरचं जास्त नवल वाटतं. आपल्याला कोण मोजतंय याची त्यांनी फिकीर केलेली दिसत नाही. लिहिलेलं सांभाळूनही ठेवलं नाही. कोणी मागितलं, दिलं. पुष्कळसं असंच हरवलं. जे वाचलं त्याचं श्रेय बरंचसं त्यांच्या शागिर्दांना, त्यातही लालाजींच्या मुलांना देतात, आणि ज्यांना ते पाठ होतं त्या फकिरांना, फेरीवाल्यांना. दरबार नव्हता, पण सकाळी लिहिलेलं संध्याकाळी गल्लीत ऐकू येत होतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याची टोपली रिकामी झाली, एवढी पावती त्यांना पुरली असावी.

1827 च्या सुमारास लकवा झाला. 1830 मध्ये इंतकाल झाला. कबर ताजगंजमध्येच आहे.

दाद आली ती उशिरा, आणि आली आडवाटेने. फॅलन या इंग्रज कोशकाराने 1879 च्या आपल्या हिंदुस्तानी कोशात बोलीचे शब्द गोळा करताना नजीरना फार वरचं स्थान दिलं. 1900 मध्ये अब्दुल गफूर शहबाज यांनी त्यांचं सविस्तर चरित्र लिहिलं. मग 1954 मध्ये हबीब तन्वीर यांनी दिल्लीत ‘आग्रा बाजार’ हे नाटक केलं. त्यात जामियातले विद्यार्थी आणि ओखल्याचे गावकरी होते. नाटकभर नजीरच्या नज्मा गायल्या जातात, पुस्तकवाल्याच्या दुकानात शहाणी मंडळी त्यांना नावं ठेवतात, पण नजीर स्वतः एकदाही रंगमंचावर येत नाहीत. येतो तो काकडीवाला. इकडेतिकडे हिंडून शेवटी त्याला काकडीवरची नज्म मिळते, तो ती गाऊ लागतो आणि गिऱ्हाईक त्याच्याभोवती जमतं.