जोसेफ बॅक्सेंडेल

सुलतानपुरात कोणाचे बिऱ्हाड हलावयाचे असले म्हणजे जाते, पेटी, हंडे-कळशा आणि त्यांवर उलटा घातलेला पलंग, अशी भरलेली बैलगाडी पूर्वी मेहकरच्या किंवा लोणारच्या वाटेस लागे. आता ते काम टेम्पो करतो. त्याही आधी वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ घालून या वऱ्हाडातून जात. दुसऱ्याची चीजवस्त आपल्या हवाली घेऊन ती धडपणी पोचविणे हा धंदा मुळात विश्वासाचा. घरसामान हलविणारी इंग्लंडातील नामांकित पिकफर्ड पेढी ज्याने बुडता बुडता वाचविली, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

पिकफर्ड घराणे चेशायर परगण्यातले. रस्त्यासाठी दगड नेणाऱ्या त्यांच्या गाड्या परतताना रिकाम्या येऊ नयेत म्हणून लोकांचा माल घेऊ लागल्या, असे सांगतात. 1776 च्या सुमारास त्यांची जलद गाडी लंडनहून मँचेस्टरला साडेचार दिवसांत पोचे. 1803 साली नेपोलियनच्या स्वारीचे भय असता त्यांनी 400 घोडे, 50 गाड्या व 28 नावा सरकारास देऊ केल्या. एवढे वैभव! परंतु पुढे तेरा-चौदा वर्षांतच पेढी दिवाळ्याच्या काठावर आली.

1817 साली जोसेफ बॅक्सेंडेल दोन सोबत्यांसह तीत भागीदार झाले. जन्म 1785 चा. वडील लँकेस्टर येथे शस्त्रवैद्य. स्वतः जोसेफ छापील कापडाच्या धंद्यातले. गाड्या-घोड्यांचा अनुभव नव्हता. मुनिमांच्या कागदांवर विसंबून न राहता ते स्वतः वाटेवर निघाले. कोणत्या ठाण्यावर ते केव्हा उतरतील याचा नेम नसे. घोड्यांची निगा, मालाची नोंद, उधारीचा हिशेब, सारे जातीने पाहत. कचेऱ्यांच्या भिंतींवर त्यांनी काटकसरीची व तत्परतेची वचने लावविली. (वर्गाच्या भिंतींवरील सुविचारांस हसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.) पेढी सावरली, मात्र जिचे नाव, त्या पिकफर्ड घराण्याच्या हातून ती कायमची गेली.

खरी कसोटी पुढेच होती. आगगाडी आली. कालव्यांतील नावांवर पेढीचे मोठे भांडवल गुंतलेले. तरी बॅक्सेंडेल यांनी रेल्वेशी जोडून घेण्याचे ठरविले. 1841 साली लंडनमध्ये कॅम्डन येथे रेल्वे आणि कालवा यांच्या सांध्यावर वखार बांधली. एक रेल्वे कंपनी आपल्या मालास अन्याय्य दर लावते म्हणून पेढी तिच्याविरुद्ध न्यायालयातही गेली. अखेर 1847 साली पिकफर्ड दुसऱ्या एका मोठ्या रेल्वे कंपनीची अडत्या झाली आणि थोड्याच वर्षांत नावा बंद पडल्या. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, हे आम्हांस मान्य आहे. तथापि पिढ्यान्‌पिढ्या कालव्यावर संसार करणाऱ्या नावाड्यांनी त्या दिवसांत काय केले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

बॅक्सेंडेल साउथ ईस्टर्न रेल्वेचे अध्यक्षही होते. 1872 साली ते वारले. तीन वर्षांनी सॅम्युअल स्माइल्स यांनी ‘थ्रिफ्ट’ या ग्रंथात त्यांचे चरित्र वर्णिले. पेढी 1920 पर्यंत त्यांच्या वंशजांकडे होती. नंतर ती हेज व्हार्फकडे, 1934 साली चार रेल्वे कंपन्यांकडे, पुढे सरकारकडे आणि 1982 साली मातृसंस्थेसह तिच्याच नोकरांकडे गेली. त्यानंतरही मालक बदलले. बॅक्सेंडेल यांनी पेढीस आपले नाव दिले नाही. तिच्या गाड्यांवर आजही पिकफर्ड हेच नाव रंगविलेले असते.