पत्त्यांच्या कारखान्यात मशिनं सांभाळणाऱ्या माणसानं गेमिंग अंगठ्यावर आणलं

मॅच ऐन रंगात असते. स्क्रीनवर अंगठा दाबून तुम्ही पळत असता, घामानं अंगठा जरासा सरकतो आणि तुमचं कॅरेक्टर भिंतीला तोंड लावून उभं राहतं. तेवढ्यात समोरचा तुम्हाला उडवतो. यात चूक तुमची कमी आणि काचेची जास्त. काच सपाट असते. बटण कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे बोटाला कळत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. आणि डोळे तर शत्रूवर असतात.

म्हणून तर फोनला दोन्ही बाजूंनी लावायचे कंट्रोलर विकले जातात. त्यातल्या बहुतेकांच्या डाव्या बाजूला बेरजेच्या चिन्हासारखं एक बटण असतं. हे बटण ज्यांच्या डोक्यातून आलं, ते गुनपेई योकोई.

योकोई १९४१ साली जपानच्या क्योटो शहरात जन्मले. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत नोकरीला लागले. आता निन्टेंडो म्हटलं की मारिओ आठवतो, पण तेव्हा ही कंपनी हानाफुडा नावाचे जपानी पत्ते बनवायची. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या मशिनांची देखभाल. मशिनं नीट चालू असली की हाताला काम नाही. मग रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी कात्रीसारखा लांब होणारा एक हात बनवला.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो पडला. आता नोकरी जाणार असं वाटण्यासारखाच प्रसंग. पण यामाउचींनी हेच खेळणं म्हणून बाजारात आणायला सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ आला आणि १२ लाखांच्या आसपास विकला गेला. मशिनं सांभाळणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

पुढचा किस्सा ट्रेनमधला. शिंकान्सेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. ते बघून योकोईंना सुचलं, की ऑफिसात जाणाऱ्या मोठ्या माणसाला चारचौघांत लपून खेळता येईल असा छोटा गेम का असू नये? हात मांडीवर, दोन्ही अंगठे दोन टोकांना, शेजारच्याला पत्ता लागणार नाही. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. स्वस्त एलसीडी, घड्याळाची बॅटरी, एका मशिनमध्ये एक गेम. आज आपण फोन आडवा करून दोन अंगठ्यांनी खेळतो, ती बैठक तिथली.

पण १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या मशिनवर आणायचा ठरला आणि गोची झाली. माणूस डावीकडे, उजवीकडे, शिडीवर, खाली असा चारही दिशांना पळणार. दुकानातल्या मोठ्या मशिनवर त्यासाठी दांडा असायचा. पण हे मशिन पुस्तकासारखं मिटून खिशात जाणार होतं, दांडा वर आला तर ते मिटणार कसं? चार सुटी बटणं दिली तर कुठलं कोणतं हे बघायला मान खाली घालावी लागणार.

योकोईंनी चारही दिशा एकाच तुकड्यात जोडल्या. मधोमध आधार, खाली चार संपर्क. एक टोक दाबलं की समोरचं उचललं जातं, त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबलं जात नाही. अंगठा मध्यावर ठेवला की दिशा आपोआप कळते. बघायची गरज नाही. पुढच्याच वर्षी हे बटण फॅमिकॉम या घरगुती कन्सोलच्या कंट्रोलरवर आलं आणि मग सगळीकडे पसरलं.

योकोईंची काम करायची पद्धतही ठरलेली होती. नव्या, महागड्या तंत्रज्ञानामागे न धावता जुनं, स्वस्त आणि पक्कं झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं. १९८९ चा ‘गेम बॉय’ त्यातूनच आला. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, मागून उजेडही नाही. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘लिंक्स’ला रंगीत स्क्रीन होती, पण ती सहा सेल काही तासांत संपवायची. गेम बॉयचे चार सेल त्याच्या कितीतरी पट टिकायचे. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकल्या गेल्या. लिंक्स किती जणांना आठवतो?

याच नजरेनं फोनच्या कंट्रोलरकडे बघितलं तर हिशोब सोपा होतो. फायदा मोठाच आहे. अंगठे स्क्रीनवरून हटतात, अख्खं चित्र दिसतं आणि बटण दाबल्याचं बोटाला कळतं. फायटिंग, रेसिंग, उड्या मारायचे जुने गेम यांत फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

तोटे मात्र योकोईंच्या हट्टाच्या जागीच निघतात. खिशात मावत नाही. ब्लूटूथचा असेल तर आणखी एक चार्जिंग, शिवाय बटण दाबणं आणि हालचाल यांत किंचित उशीर. यूएसबी-सीला थेट लावायचा असेल तर उशीर कमी होतो, पण तो बॅटरी फोनची खातो आणि जाड कव्हर काढावं लागतं. आणि खरी मेख म्हणजे गेमनं सपोर्ट द्यायला हवा. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये कंट्रोलर चालतो, पण कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घातली जाते. सपोर्टच नसलेल्या गेममध्ये बटणं मॅप करणारं ॲप वापरलं तर अकाउंट बॅन होण्याची भीती. कँडी क्रश किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्यानं तर या फंदात पडूच नये, तिथं बोटच बरं.

खुद्द योकोईही एकदा चुकले. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ टेबलावर ठेवून, त्यात डोळे खुपसून खेळायचा होता. चित्र फक्त लाल. डोळे दुखण्याच्या तक्रारी आल्या, ना तो खिशात जायचा ना चारचौघांत खेळता यायचा. आठ लाखसुद्धा विकले गेले नाहीत आणि वर्षभरात तो बंद पडला. १९९६ मध्ये योकोईंनी निन्टेंडो सोडली आणि ‘कोटो’ नावाची स्वतःची कंपनी काढली.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी ते होते त्या गाडीची पुढच्या ट्रकशी टक्कर झाली. किती नुकसान झालं ते बघायला योकोई खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीनं त्यांना धडक दिली. वय ५६.

बांदाई कंपनीसाठी ते ज्यावर काम करत होते तो ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये बाजारात आला. त्याला सेल लागायचा फक्त एक. तो फोनसारखा उभा आणि आडवा, दोन्ही प्रकारे धरून खेळता यायचा, त्यासाठी दिशांच्या बटणांचे दोन संच दिले होते. मात्र त्यावर बेरजेच्या चिन्हाचं बटण नव्हतं, चार सुटी बटणं होती. त्या बटणाचं पेटंट निन्टेंडोकडे होतं.