बेब डिड्रिक्सन

माझी भाची कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात आहे. गेल्या मे महिन्यात मजजवळ राहावयास आली असता तिने मला एका अमेरिकन खेळाडूबाईचे चरित्र वाचावयास दिले. त्या वेळी मी घराबाहेर पडणेच सोडले होते. कारण पुढे येईलच.

बाईचे नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. सारे तिला बेब म्हणत. जन्म 1911 सालचा, टेक्सासमधील पोर्ट आर्थरचा. आईबाप नॉर्वेहून आलेले, बाप सुतारकाम करी, भावंडे सात. ही पोर शेजाऱ्यांच्या कुंपणांवरून उड्या मारीत अडथळ्यांची शर्यत शिकली. पुढे डॅलसच्या एका विमा कंपनीत तिला नोकरी मिळाली. हुद्दा कचेरीतला, पण खरे काम कंपनीच्या संघांतून बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल खेळण्याचे!

1932 साली राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत कंपनीचा संघ म्हणून ती एकटीच उतरली. एका दुपारी आठ प्रकारांत भाग घेऊन तिने 30 गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या अख्ख्या संघाचे गुण होते 22. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक व 80 मीटर अडथळा शर्यतीत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक तिने मिळवले. बोलणे मात्र नम्र नव्हे. पहिली मीच येणार, असे ती आधीच सांगून टाकी. मला हा स्वभाव फारसा रुचला नाही. पण तिच्या पुरुषी चालीची वर्तमानपत्रांतून टवाळी होई, तेही रुचले नाही. कपडे ती स्वतः उत्तम शिवी, हे त्या टवाळखोरांच्या गावीही नसावे.

मग ती गोल्फकडे वळली. 1938 साली जॉर्ज झहारियस या कुस्तीगिराशी लग्न केले. 1947 साली ब्रिटिश हौशी महिला स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. 1951 साली महिला गोल्फच्या मानकऱ्यांची यादी सुरू झाली, तीत पहिल्याच वर्षी तिचे नाव लागले.

1953 च्या एप्रिलात आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर शौचाची वाट पोटावर करून तिथे पिशवी लावावी लागली. रोग आणखी पसरला आहे, हे नवऱ्याने व मैत्रिणीने तिला कळू दिले नाही. खोलीच्या कोपऱ्यात तिने गोल्फच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. चार महिन्यांच्या आत ती पुन्हा स्पर्धेत उतरली. 1954 च्या जुलैत अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी 36 होल चालून, 12 फटक्यांच्या फरकाने जिंकली. आपला आजार तिने लपवला नाही, उलट कर्करोगाच्या कार्यासाठी पैसा गोळा केला. 27 सप्टेंबर 1956 रोजी गॅल्व्हेस्टन येथे ती वारली. वय अवघे 45.

भगिनींनो, तशीच पिशवी गेली दोन वर्षे माझ्या पोटावर आहे. वास येईल, आवाज होईल, या भीतीने मी मंडळाची भजने व सहली टाळल्या आणि गुडघे दुखतात असे सांगितले. गुडघे ठणठणीत आहेत. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येत आहे. फक्त दाराजवळची खुर्ची मजसाठी ठेवा.