खानदेशात घडला ‘श्याम’चा कथाकार

‘श्यामची आई’ हे पुस्तक मराठी घराघरांत पोहोचले. त्यातील आई साऱ्यांच्या स्मरणात राहिली. परंतु स्वतःच्या बालपणातील चुका निर्भयपणे सांगणारा श्याम मात्र काहीसा मागे पडला. हा श्याम म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्या जडणघडणीत अमळनेर आणि धुळे या खानदेशातील दोन गावांचा वाटा मोठा आहे.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण कर्जाने वैभव गेले आणि दारिद्र्य आले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी भटकंती झाली. १९१७ मध्ये आई यशोदाबाईंचे निधन झाले, तेव्हा पांडुरंग घरापासून दूर होता. अखेरची भेट झाली नाही, ही खंत त्यांच्या मनात कायम राहिली.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदील पुसणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. आईकडून जे मिळाले, ते परक्या घरच्या मुलांना देण्याची ही त्यांची रीत होती. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढीत. मुलांशी मन मोकळे करून बोलण्याची सवय त्यांच्या लेखणीला येथेच लागली.

१९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती साने गुरुजींनी टिपून घेतली आणि त्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला लाभला. दुसऱ्याचा शब्द इतक्या निष्ठेने जपणाऱ्या या लेखकाने पुढच्याच वर्षी स्वतःच्या आठवणींना हात घातला. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले आणि पाच दिवसांत त्यातील बहुतेक भाग लिहून काढला.

आश्रमातील मित्रांना रात्री सांगितलेल्या आठवणी, असे या पुस्तकाचे रूप आहे. त्यातील श्याम आदर्श बालक नाही. तो पोहायला घाबरून लपून बसतो आणि आईचा मार खातो. पुस्तकाच्या ओढीने तो पाहुण्याचे पैसे चोरतो. सावकाराच्या माणसाने दारात केलेला अपमानही लेखक झाकून ठेवीत नाही. नाव बदलले, तरी स्वतःला सूट दिली नाही. आईचे मोठेपण वाचकाला पटते, ते मुलाने आपले लहानपण लपविले नाही म्हणूनच.

पुढे १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी ते गावोगाव फिरले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे, म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले आणि ते यशस्वी झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

आत्मचरित्रात स्वतःचा गौरव करणारे पुष्कळ असतात. साने गुरुजींनी मात्र आपल्या उणिवा मुलांपुढे ठेवल्या. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांचा विश्वास त्यांना असाच मिळाला होता. पुढे वाचकांचाही मिळाला.