एसपीएसएसच्या मेन्यूत एक बंगाली आडनाव आहे, ते तिथं पोहोचलं कसं?

एमबीए, एमए किंवा पीएचडी करणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर एसपीएसएस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आकडेवारीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. त्यात लिनियर रिग्रेशनची खिडकी उघडायची आणि सेव्हचं बटण दाबायचं. समोर डिस्टन्सेस नावाची एक चौकट येते आणि त्यात तीन पर्याय असतात.

महालनोबिस, कुक्स आणि लिव्हरेज.

पहिलं नाव आपल्याकडचं आहे. कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं. शाळेच्या पुस्तकात ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या धड्यात एका ओळीत येऊन जातात. पण जगभरचे विद्यार्थी रोज ज्या नावावर टिक करतात, ते तिथं पोहोचलं कसं, ही गोष्ट त्या धड्यात नसते.

आधी रिग्रेशन म्हणजे काय ते समजून घेऊ.

समजा तुमच्याकडे शंभर माणसांची उंची, वजन आणि रक्तदाब आहे. उंची आणि वजनावरून रक्तदाबाचा अंदाज बांधायचा, तर त्यासाठी जे सूत्र काढतात ते रिग्रेशन. सूत्र काढणं सोपं असतं, कॉम्प्युटर ते क्षणात देतो. खरं काम पुढं असतं. ते सूत्र विश्वास ठेवण्यालायक आहे का, शंभरातला एखादाच माणूस सगळं गणित आपल्याकडे ओढत नाही ना, हे तपासावं लागतं. या तपासणीला रिग्रेशन डायग्नोस्टिक्स म्हणतात. डॉक्टर करतात तसंच निदान, फक्त इथं पेशंट म्हणजे सूत्र.

आकड्यांचं असं निदान करण्यात महालनोबिस यांचं अख्खं आयुष्य गेलं.

२९ जून १८९३ ला कोलकात्यातल्या एका ब्राह्मो समाजी घरात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजमधून १९१२ साली ते फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. तिथं जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे यांच्यासारखे शिक्षक होते. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले. असं सांगतात की, केंब्रिज बघायला गेले असताना त्यांची परतीची ट्रेन चुकली. मुक्काम करावा लागला, किंग्ज कॉलेजचं चॅपल बघून ते भारावले आणि त्याच कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. केंब्रिजमध्ये त्यांची श्रीनिवास रामानुजन यांच्याशी मैत्री जमली.

शिक्षण संपवून भारतात परतायची वेळ आली तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि प्रवास लांबला. मधल्या काळात कॉलेजच्या एका ट्यूटरनं त्यांना बायोमेट्रिका नावाच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाची ओळख करून दिली. त्यांनी त्याचे अंक विकत घेतले आणि बोटीवर ते वाचत बसले. फिजिक्सचा माणूस घरी पोहोचेपर्यंत आकड्यांच्या नादाला लागला होता.

या नादाला पहिलं मोठं काम मिळालं ते नागपुरात.

१९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल त्यांना भेटले. त्यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो इंडियन लोकांच्या शरीराची मापं होती आणि त्या मापांचं करायचं काय, हा प्रश्न होता. महालनोबिस यांनी काम हाती घेतलं. १९२२ साली त्यावरचा पहिला पेपर आला.

याच सुमारास उत्तर बंगालमध्ये महापूर आला. पाणी अडवून धरायला मोठाले जलाशय बांधावेत, असा इंजिनिअर मंडळींचा प्रस्ताव होता आणि खर्च प्रचंड होता. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांचा पाऊस आणि पूर यांची आकडेवारी काढून तपासली. त्यातून दिसलं की अशा जलाशयांचा उपयोग नव्हता, गरज होती ती साचलेलं पाणी लवकर वाहून जाण्याची.

१९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला. तेव्हा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता की नदीचं पात्र एक फुटानं वर आलंय, म्हणून बांध उंच करा. महालनोबिस यांनी जवळपास ६० वर्षांचे आकडे तपासले. पात्र वर आल्याची खूण सापडली नाही. पुराचं कारण होतं नदीच्या वरच्या भागात पडलेला जादा पाऊस. म्हणजे निदानच चुकलं होतं, आणि त्या निदानावर लाखोंचे बांध उभे राहणार होते.

तिकडे मापांचं कामही चालूच होतं. दोन माणसं किंवा दोन गट एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे एका आकड्यात कसं सांगायचं? १९३६ साली त्यांनी याचं उत्तर मांडलं. त्यालाच आज महालनोबिस अंतर किंवा डी-स्क्वेअर म्हणतात.

आपलं उंची-वजनाचं उदाहरण परत घ्या. सहा फूट उंचीचा माणूस दुर्मिळ नाही. ४५ किलो वजनाचा माणूसही दुर्मिळ नाही. पण सहा फूट उंच आणि ४५ किलोचा माणूस दिसला तर आपण वळून बघू. कारण उंचीबरोबर वजन वाढतं, हे आपल्याला माहीत असतं. साध्या फूटपट्टीला ते माहीत नसतं. महालनोबिस अंतराची पट्टी हे नातं लक्षात घेऊन मोजते. त्यामुळं वेगवेगळे बघितले तर नॉर्मल वाटणारे, पण एकत्र बघितले तर खटकणारे आकडे ती पकडते.

माणसांच्या वंशांची मापं काढायचं ते शास्त्र आज मागं पडलंय. पट्टी मात्र टिकली.

डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. जागा म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजातली एक खोली आणि पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये. १९३३ साली संख्या नावाचं जर्नल आलं.

१९३७ साली बंगालच्या तागाच्या पाहणीचं काम सुरू झालं. प्रत्येक शेत मोजण्यापेक्षा काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि तीच नीट मोजायची, ही त्यांची पद्धत. पण मोजणारा माणूस शेतावर न जाताच आकडा लिहीत असेल तर? यावर त्यांनी शोधलेली युक्ती अशी की, एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या टीम पाठवायच्या. दोघांची उत्तरं जवळपास आली तर ठीक. फार फरक पडला तर कुठंतरी गडबड आहे. थोडक्यात, तपासणीची सोय पाहणीतच करून ठेवायची.

इथं त्यांना तगडा विरोधकही भेटला, आणि तो आपल्याकडचा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे. पीक विम्यामुळं पीक कापणी प्रयोग हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना पाठ झालाय. वाद त्याच्यावरच होता. महालनोबिस छोट्या तुकड्यातलं पीक कापून अंदाज बांधत. सुखात्मे यांचं म्हणणं होतं की, तुकडा छोटा असला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. फार छोट्या तुकड्यांचा हा धोका महालनोबिस यांच्याही लक्षात आला होता, पण तुकडा केवढा हवा आणि पाहणी कुणी करायची, यावर दोघांचं जमलं नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या आकडेवारीचा पाया त्यांनी घातला. १९५० साली नॅशनल सँपल सर्व्हे सुरू झाला. खेड्यातलं कुटुंब कशावर किती खर्च करतं, याची पाहणी त्यातून होऊ लागली. १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-टूएम नावाचा कॉम्प्युटर त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये आला. भारतातल्या अगदी पहिल्या डिजिटल कॉम्प्युटरपैकी हा एक.

आणि मग आला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव.

१९५६ ला सुरू झालेली दुसरी पंचवार्षिक योजना महालनोबिस मॉडेलवर उभी होती. आज यंत्र बनवणाऱ्या अवजड उद्योगांत पैसा घातला, तर उद्या देश जास्त वेगानं वाढेल, हा त्याचा गाभा. पण मॉडेलच्या मुळाशी काही गृहीतकं होती. परदेशी व्यापार जवळपास धरलेलाच नव्हता. बी. आर. शेणॉय यांनी योजनेवर आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं. मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी दाखवून दिलं की, कामगाराच्या ताटातलं धान्य आणि अंगावरचं कापड कमी पडलं, तर योजना अडखळेल.

१९५७ पर्यंत देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली. यंत्रं आणायला डॉलर-पौंड लागत होते आणि नेमका हाच रकाना मॉडेलमध्ये मोकळा होता. पोलाद आणि अवजड यंत्रांचा पाया त्याच काळात घातला गेला, असं त्यांची बाजू घेणारे सांगतात आणि ते खरंही आहे. पण इतरांचे आकडे आयुष्यभर तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मॉडेलची तपासणी मात्र थेट देशावर झाली.

२८ जून १९७२ ला, ७९ व्या वाढदिवसाच्या एक दिवस आधी, महालनोबिस गेले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेतल्या डेनिस कुक यांनी कुक्स डिस्टन्स मांडलं. एखादा आकडा काढून टाकला तर सूत्र किती हलतं, हे ते सांगतं. आणि लिव्हरेज? एखाद्या आकड्यात सूत्राला आपल्याकडे ओढायची किती ताकद आहे, हे सांगणारं माप. गणितानं बघितलं तर ते महालनोबिस अंतरच आहे, फक्त वेगळ्या पट्टीवर लिहिलेलं. म्हणजे एसपीएसएसच्या त्या चौकटीत पहिला आणि तिसरा पर्याय एकच गोष्ट सांगतात.

आर वापरणाऱ्यांना तर रिग्रेशननंतर एक प्लॉटची कमांड दिली की चार आलेख मिळतात. त्यातल्या चौथ्यात लिव्हरेज आणि कुक्स डिस्टन्स एकत्र दिसतात. पायथॉनच्या स्टॅट्समॉडेल्समध्येही ही सोय आहे. ज्या कामाला एकेकाळी माणसांची फौज लागायची, ते आता लॅपटॉपवर सेकंदात होतं.

मात्र सॉफ्टवेअर फक्त दिलेल्या आकड्यांतला खटकणारा आकडा दाखवतं. तो टायपिंगची चूक आहे, खोटा आहे, की खराच वेगळा माणूस आहे, हे त्याला कळत नाही. आणि जो रकाना आपण भरलाच नाही, त्याच्याबद्दल तर ते बहुतेक वेळा गप्पच बसतं. ब्राह्मणी नदीच्या बाबतीत महालनोबिस जुनी आकडेवारी उघडून बसले म्हणून चूक सापडली. १९५७ साली मोकळा राहिलेला रकाना मात्र कुठल्याच आलेखात दिसणारा नव्हता.

२००७ पासून २९ जून हा त्यांचा जन्मदिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वेळी कुणी रिग्रेशनचा निकाल समोर ठेवला, तर आधी विचारा की यात कोणता आकडा सगळ्यात जास्त ओढतोय. आणि मग विचारा, यात कोणता रकाना धरलेलाच नाही.