विश्लेषण : कामठीच्या लक्ष्मीनारायण यांचे ३५ लाख आणि घरातला सिलिंडर

नागपूरच्या अमरावती मार्गावरील ‘एलआयटी’ सर्वांना ठाऊक आहे. त्यातील ‘एल’ म्हणजे कोण, हे मात्र थोड्यांनाच सांगता येते.

कोण होते लक्ष्मीनारायण?
रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे कामठीचे, मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लाख रुपयांची मालमत्ता नागपूर विद्यापीठाच्या नावे केली. हेतू होता उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणाचा. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. त्या पैशातून १९४२ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. ती पाहायला ते हयात नव्हते. पुढे तेथे तेल आणि पेट्रोरसायन तंत्रज्ञानही शिकवले जाऊ लागले.

या शिक्षणाच्या मुळाशी काय आहे?
योगायोग असा, की त्याच १९३० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञाने एक कोडे सोडवले. मिथेन, प्रोपेन अशा हायड्रोकार्बनच्या रेणूंना ठळक धन-ऋण टोके नसतात, तरी ते थंडीत एकमेकांना धरून द्रव का होतात? उत्तर असे : रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. क्षणभर एक बाजू किंचित ऋण होते, शेजारच्या रेणूतही तसाच बदल घडतो आणि दोघांत क्षीण आकर्षण निर्माण होते.

हे बल किती क्षीण?
मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४१० किलोज्यूल ऊर्जा लागते. द्रव मिथेनचे रेणू एकमेकांपासून सुटे करायला मात्र जेमतेम ८. म्हणूनच उकळताना रेणू मोडत नाही, फक्त शेजाऱ्यापासून दूर जातो.

साखळी लांबली तर?
आकर्षण वाढते. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, तर पेंटेन ३६ अंशांना. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी कामठीत पेंटेन शेगडीशिवायच उकळेल. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण दाबाखाली द्रव राहते. रेग्युलेटर उघडून बर्नर सुरू केला, की वायू होऊन बाहेर येते.

वारसा कुठे पोहोचला?
२०२३ मध्ये या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. नावात लक्ष्मीनारायण कायम आहेत.