कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

धंदा काढण्याची बुद्धी माणसास कशाने होते, असा प्रश्न आपल्या ज्ञातिबांधवांत वारंवार निघतो. बहुतेक गृहस्थ भांडवलाकडे बोट दाखवितात. आम्हांस तसे वाटत नाही.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यास गेले. त्यांच्या दृष्टीस रंगभेद नीट उमगत नाही, असे तेथे आढळले. कुंचला सुटला, यांत्रिक आरेखन हाती आले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. बंधू रामूअण्णा बेळगावात सायकलींचे दुकान सांभाळीत. तरी लक्ष्मणरावांनी पगार एकदम सोडला नाही. (यात कमीपणा कसला?) पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनास मिळाली, तेव्हा मात्र त्यांनी राजीनामा दिला. अपमान पुष्कळांचे होतात. यांच्यापाशी यंत्रविद्या होती आणि पाठीशी भाऊ होता.

बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर सुमारे दोन वर्षे गिऱ्हाइकाविना पडून होते. अशात नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागाही गेली. औंधच्या राजेसाहेबांनी माळजमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ, निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर, बिऱ्हाडासह मंडळी उतरली. तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.